टाक्याला काम द्या : हातशिलाईच्या लहान तुकड्यांविषयी एका प्रश्नाचे उत्तर

लातूर जिल्ह्यातील एका ताईंनी विचारले आहे की, शाळेत शिकलेले भरतकाम त्यांना चांगले येते, उशीचे अभ्रे, रुमाल, टेबलक्लॉथ असे पुष्कळ करून झाले आहे, आणि आता भिंतीवर लावता येतील असे हाताने शिवलेले लहान तुकडे त्यांना करून पाहायचे आहेत. गेल्या वर्षभरात त्यांनी अकरा तुकडे सुरू केले, त्यांपैकी दोनच पुरे झाले, आणि तेही ‘रुमालासारखेच दिसतात’ अशी त्यांची तक्रार आहे. कापड कोणते घ्यावे, दोरा कोणता, तुकडा केवढा असावा आणि कल्पना कुठून आणावी, हे त्यांचे चार प्रश्न आहेत. जाता जाता त्यांनी पाचवाही विचारला आहे : आजीचे एक इरकली लुगडे पेटीत पडून आहे, ते यासाठी कापावे का? मला हा पाचवा प्रश्न सर्वांत मोलाचा वाटतो, परंतु त्याचे उत्तर आधीच्या चारांवर अवलंबून असल्यामुळे ते शेवटी देते.

माझ्या सांगण्याला किती वजन द्यायचे हे तुम्हाला ठरवता यावे म्हणून माझी माहिती आधी सांगते. मी परभणीत राहते. २२ वर्षे हातात सुई आहे. त्यांतील पहिली नऊ वर्षे ब्लाउज आणि फॉल-पिको यांवर घर चालवण्यात गेली, आणि त्यानंतर हळूहळू मी या लहान तुकड्यांकडे वळले. चित्रकलेचे शिक्षण माझे झालेले नाही. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे ते सुई, दोरा आणि कापड यांच्या बाजूने लिहिते आहे. चित्रकाराने याच प्रश्नाचे उत्तर वेगळे दिले असते आणि तेही बरोबर असू शकेल.

तुमच्या तुकड्यांचे वर्णन मी दोनदा वाचले. केसमेंटचे कापड, त्यावर कार्बनने उतरवलेली नक्षी, नक्षीच्या रेघांवर देठटाका आणि आतल्या पाकळ्यांत भरीव टाके. यात काम वाईट असेल असे मला मुळीच वाटत नाही. पण तुम्ही विचारलेला प्रश्न कल्पनेचा असला तरी अडचण मला दुसरीच दिसते. या तुकड्यांतल्या टाक्याला काही कामच नाही. तो कापडावर बसलेला आहे, कापडाला धरून नाही. उद्या सगळे टाके उसवून टाकले तरी खालचे कापड होते तसेच राहील. टाका केवळ शोभेसाठी घातला की पाहणाऱ्याच्या मनात शोभेच्या वस्तूच येतात, म्हणजे रुमाल, अभ्रा, टेबलक्लॉथ. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, काही दिवस नक्षी बाजूला ठेवा आणि टाक्याला काहीतरी काम द्या. थर एकमेकांना धरून ठेवणे, फाटलेले जोडणे, कापड आवळणे, एखादी वस्तू जागेवर बसवणे, यांपैकी कोणतेही काम चालेल.

हे माझ्या लक्षात आले ते वाकळीमुळे. आपल्याकडे नवरात्राच्या आधी दसरा काढतात, म्हणजे घरातले अंथरूण-पांघरूण, भांडीकुंडी सगळे बाहेर काढून धुऊन घेतात. लहानपणी मी आजीबरोबर दुधनेच्या पात्रात वाकळी धुवायला जात असे. ओली वाकळ पिळायला दोघी-तिघी लागत, आणि ती खडकावर वाळत पडली की तिच्यावरच्या टाक्यांच्या ओळी उन्हात स्पष्ट दिसत. काठापासून सुरू होऊन चौकोनाच्या आत चौकोन असे करत त्या मध्यावर येत. लहानपणी मला ती नक्षीच वाटे. पुढे स्वतः वाकळ शिवायला बसले तेव्हा समजले की जुन्या लुगड्यांचे चार-पाच थर सरकू नयेत, एवढ्याचसाठी ते टाके असतात. काठाकडून आत येत गेल्यामुळे थर पसरलेले राहतात आणि झोळ मध्यावर निघत जातो. नक्षी त्या कामातून आपोआप उमटते. बंगालातील कांथा काय किंवा जपानातील साशिको काय, दोन्हींचे मूळ असेच घरगुती आहे. जुने किंवा पातळ कापड थरांनी जाड आणि टिकाऊ करायचे, आणि त्यासाठी साधा धावदोरा घालायचा. पुढे त्यांत फुले, हत्ती, लाटा आल्या, पण त्यामागे टाक्याचे काम होतेच.

आता प्रत्यक्ष प्रयोगाकडे येते. आकार पाच इंच चौरस ठेवा. कापताना चारी बाजूंना एकेक इंच जास्त धरून सात इंचांचा तुकडा कापा, कारण शिवताना कापड आवळते आणि कडांचे धागेही सुटतात. पाचच इंच का, असे विचाराल तर त्याचे कारण एवढेच की तेवढा तुकडा दोन ते तीन बैठकांत पुरा होतो. तुमचे नऊ तुकडे अर्धवट राहिले यात तुमच्या चिकाटीचा दोष मला दिसत नाही. प्रत्येक तुकडा दीड-दोन फुटांचा होता, आणि दोन फुटांच्या तुकड्यात चूक कळेपर्यंत महिना गेलेला असतो. पाच इंचांत ती दुसऱ्या दिवशी कळते.

पहिले तीन तुकडे पांढऱ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने करा. हे ऐकून माझ्याकडे शिकायला येणाऱ्या बहुतेक जणी हिरमुसतात, परंतु रंग असला की डोळा रंगाकडे जातो आणि टाका काय करतो आहे ते दिसत नाही. मांजरपाटाचे तीन थर एकावर एक ठेवा, मोठ्या कच्च्या टाक्यांनी बांधून घ्या, आणि धावदोऱ्याच्या सरळ ओळी घाला. पहिल्या तुकड्यात ओळींमध्ये अर्ध्या इंचाचे अंतर ठेवा, दुसऱ्यात पाव इंचाचे, तिसऱ्यात त्याच्याही निम्मे. बाकी काहीही बदलू नका : तोच दोरा, तीच सुई, तेवढाच टाका. पहिला तुकडा जवळजवळ सपाट राहील. दुसऱ्यात दोन ओळींमधले कापड किंचित फुगून येईल आणि त्या फुगवट्याची सावली पडू लागेल. तिसरा हातात घेतला की पुठ्ठ्यासारखा ताठ लागेल, आणि पट्टी लावली तर तो पाच इंचांचा उरलेला नसेल. माझा पहिल्या वेळी साडेचारावर आला होता. हे तिन्ही तुकडे संध्याकाळी खिडकीपाशी, तिरप्या उन्हात, शेजारी शेजारी ठेवून पाहा. रंग नाही, चित्र नाही, तरी तीन वेगळ्या जमिनी समोर दिसतील. माझ्या मते हातशिलाईची खरी भाषा तिथे सुरू होते, आणि ती कागदावर काढून शिकता येत नाही.

त्यानंतर एका वेळी एकच गोष्ट बदलत जा. चौथ्या तुकड्यात तोच धावदोरा ओढून घाला, म्हणजे चुण्या पडतील. पाचव्यात ओळी सरळ न घेता वळवा. सहाव्यात थरांच्या मध्ये एका जागी पिंजलेला कापूस भरून त्याच्या कडेने टीप घाला. आपल्या भागात कापसाला तोटा नाही, पण वेचून आणलेला कापूस तसाच भरू नका. त्यात सरकी राहिली आणि वरून इस्त्री फिरली की तेलाचा पिवळट डाग वर येतो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. सातव्यात एक भोक पाडून ते रफू करा, आणि रफू लपवण्याऐवजी जाड दोऱ्याने उघड दिसेल असे करा. प्रत्येक तुकड्याच्या समासावर बॉलपेनने क्रमांक, तारीख आणि काय बदलले ते लिहा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर तुकडा चांगला झाला तरी तो कशामुळे झाला ते कळत नाही, आणि मग तो पुन्हा साधता येत नाही.

आरसा लावून पाहायचा असेल तर तो बंजारा पद्धतीनेच शिका. किनवट, माहूर, जिंतूर या बाजूच्या तांड्यांवरच्या वयस्क बायांच्या काचळीवर, म्हणजे चोळीवर, आणि ओढणीवर हे काम पाहायला मिळते. आरशाला भोक नसते, म्हणून त्याच्यावरून आधी दोन उभे आणि दोन आडवे धागे घेऊन चौकट बांधतात, त्यावर तिरपी दुसरी चौकट घेतात, आणि मग त्या धाग्यांना व खालच्या कापडाला एकत्र पकडत गोल फिरत जातात. फिरताना चौकटीचे धागे बाहेर ओढले जातात आणि आरशाभोवती कडे तयार होते. ती सगळी शोभा आरसा पडू नये या एकाच गरजेतून आलेली आहे. बाजारात मिळणारे मागे गोंद लावलेले आरसे आणि तयार कडी वापरली की गरजच संपते, आणि तुकडा पुन्हा रुमालाकडे वळतो.

कापडाविषयी थोडक्यात सांगते. सरावासाठी मांजरपाट उत्तम, कारण ते स्वस्त आहे, त्याचा धागा मोकळा असतो आणि सुई अडत नाही. मात्र त्याला खळ असते, म्हणून आधी गरम पाण्यात भिजवून, धुऊन, वाळवून घ्या. न धुता वापरले तर पुढे कधी पाणी लागले की कापड आटते, टाके आटत नाहीत आणि सगळीकडे झोळ येतात. पॉपलिन घट्ट विणीचे असते, त्यात जाड दोरा ओढताना हात दुखतो. ‘सुती’ म्हणून विकले जाणारे कापड टेरिकॉट निघणे हे नेहमीचेच आहे, म्हणून दोन धागे काढून ताटलीत जाळून पाहावेत. सुताला जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी होतो. रेशमाला केस जळल्यासारखा वास येतो. आणखी एक गोष्ट, जी शिवणकाम करणाऱ्यांना ठाऊक असते पण भरतकाम करणाऱ्यांच्या बहुधा ध्यानात येत नाही, ती म्हणजे कापडाची दिशा. किनारीला समांतर असलेल्या उभ्या धाग्याच्या बाजूने कापड कमी ताणते, आडव्या बाजूने थोडे जास्त, आणि उरेब म्हणजे तिरके सर्वांत जास्त. तीन थर तीन दिशांना ठेवले तर तुकडा पिरगळतो. तसा मुद्दाम पिरगळायचा असेल तर तोही एक प्रयोगच आहे.

दोऱ्याबाबत तुम्ही अँकरच्या लड्या वापरता असे लिहिले आहे. त्या चांगल्याच आहेत. एका लडीत आठ मीटर दोरा असतो आणि तो सहा पदरांचा असतो. पण तुम्ही सहाही पदर एकत्र ओवता असे वर्णनावरून वाटते. आधी दोन पदर घेऊन पाहा. पदर एकेक करून सुटे ओढावेत आणि मग पुन्हा एकत्र करावेत, म्हणजे पीळ मोकळा होतो आणि दोरा गुंतत नाही. ओवताना हातभरापेक्षा लांब घेऊ नये. लांब दोरा प्रत्येक टाक्याला कापडातून पुन्हा पुन्हा घासत जातो आणि शेवटी शेवटी त्याची लव निघते. भरतकामाच्या सुयांना क्रमांक जितका मोठा तितकी सुई बारीक. दोन पदरांना ७ किंवा ८ क्रमांकाची पुरते. थर शिवताना मात्र जरा जाड सुई आणि बोटात अंगुस्तान हवेच. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो, तेव्हा दुपारी पांढरे काम हातात घेऊ नका. घामाने दोरा मळतो आणि सुईही गंजते.

रंगाच्या बाबतीत माझी एक फजिती सांगते. एकदा सुट्या मिळणाऱ्या लाल दोऱ्याने मी नऊ तुकड्यांची एक मालिका शिवली, साधारण दोन महिने गेले. शेवटी तुकडे ताणून बसवण्यासाठी त्यांवर पाणी शिंपडले, आणि नऊच्या नऊ तुकडे गुलाबी झाले. दोरा विकणाऱ्याने रंग पक्का असल्याचे सांगितले होते, पण तपासण्याचे काम माझे होते आणि मी ते केले नव्हते. आता कोणताही गडद दोरा किंवा कापड आणले की त्याचा छोटा तुकडा ओला करून पांढऱ्या कापडाच्या घडीत दाबून ठेवते आणि वरून गरम इस्त्री फिरवते. डाग पडला तर तो माल कोरड्याच कामाला, आणि तोही गडद कापडावर. घरी रंगवायचे असेल तर डाळिंबाची साल सर्वांत सोपी. तिच्यात टॅनिन भरपूर असते, तुरटी लावलेल्या सुतावर ती पिवळसर रंग देते, आणि लोखंडाच्या गंजाचे पाणी घातले की तोच रंग करडा होतो. हळदीच्या नादी लागू नका. ती सुरुवातीला फार सुंदर दिसते आणि उजेडात भराभर उडते. आणखी एक लक्षात असू द्या, की बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि त्यातल्या क्षारांमुळे छटा बदलते. पावसाचे साठवलेले पाणी आणि बोअरचे पाणी यांत एकाच सालीचे दोन तुकडे मी रंगवले, तर ते दोन वेगळ्या झाडांचे वाटावेत इतका फरक निघाला.

आता कल्पनेविषयी. अनेक जण विचारतात की अजिंठ्याची पद्मपाणीची आकृती भरली तर कसे दिसेल. माझे प्रामाणिक मत असे की, कसेही भरले तरी ते चित्राची नक्कल दिसेल. अजिंठ्याला जाणारच असाल तर आकृत्यांच्या अंगावरच्या वस्त्रांचे पट्टे आणि त्यांची लय पाहा. पाच इंचांत मावेल असे काही असेल तर ते तिथे आहे. परंतु त्याहून जवळचे काहीतरी बरे. माझ्याबाबतीत ते काळ्या रानातल्या भेगा होते. वैशाखात आपली काळी माती इतकी आटते की भेगेत हाताचा पंजा जातो, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर त्या मिटतात. ते शिवावे असे मला वाटले. पहिल्या प्रयत्नात मी काळ्या खादीवर करड्या दोऱ्याने देठटाक्याच्या वाकड्यातिकड्या रेघा घातल्या. तयार झाला तो तालुक्याचा नकाशा. नद्या, रस्ते, शिवेच्या रेघा, सगळे दिसत होते, फक्त भेग दिसत नव्हती. दुसऱ्या प्रयत्नात दोरा जाड केला. नकाशा ठळक झाला, एवढेच. मग एके दिवशी वैतागून मी ती खादी भेगेच्या रेघेवर कात्रीने कापूनच टाकली, खाली विटकरी रंगाचा जुना सुती तुकडा ठेवला, आणि कापलेल्या दोन कडा फार लांब जाऊ नयेत म्हणून मधून मधून आडवे टाके घालून धरल्या. कडांचे धागे सुटून लोंबू लागले, टाक्यांनी ताणल्यामुळे भेग कुठे रुंद, कुठे अरुंद झाली, आणि पहिल्यांदाच ती जमीन वाटली. त्यात टाका भेगेचे चित्र काढत नव्हता, भेग मिटवायचा प्रयत्न करत होता. त्यानंतर मी त्या विषयावर १४ तुकडे केले, आणि एकाही वेळी कागदावर आधी रेघ काढली नाही.

म्हणून कल्पना शोधताना ‘काय काढू’ असे विचारण्यापेक्षा या गोष्टीला काय होते ते पाहावे. ती आवळते का, फाटते का, थरावर थर बसतात का, काही गळून पडते का? वखरलेल्या तासांना थर आणि ओळी जमतात, वाळत घातलेल्या पापडांना आवळलेल्या कडा जमतात, उसवलेल्या पोत्याला रफू जमते. ज्या गोष्टीला कापडाच्या बाजूने असे काही उत्तर सापडत नाही, ती कितीही सुंदर असली तरी मी सोडून देते. संध्याकाळचे आकाश मी आजवर कधी शिवलेले नाही.

उलट बाजूचे काय, असे तुम्ही स्पष्ट विचारलेले नाही, पण ‘मागची बाजू फार गचाळ होते’ असे लिहिले आहे. शाळेत आपल्याला शिकवले जाते की मागची बाजू पुढच्यासारखी स्वच्छ हवी. ते नेहमीच खरे असते असे नाही. आपल्या मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगर या एकाच जिल्ह्यात याची दोन उत्तरे शतकानुशतके नांदत आहेत. पैठणीची विणकाम-पद्धत अशी आहे की नक्षीचे रंगीत धागे एकमेकांत अडकवून परत फिरवले जातात, त्यामुळे दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या दिसतात. त्याच जिल्ह्यात विणल्या जाणाऱ्या हिमरू कापडात नक्षीचा जादा धागा जिथे पुढे लागत नाही तिथे मागून मोकळा सोडलेला असतो, आणि मागची बाजू सुट्या धाग्यांनी भरलेली असते. दोन्ही वस्त्रे थोर आहेत. तुकडा चौकटीत जाणार असेल तर मागे काय आहे याची चिंता करू नका. फक्त गडद दोरा फिकट कापडाच्या मागून लांब ओढू नका, कारण तो पुढून झिरपल्यासारखा दिसतो. तुकडा हातात घेऊन उलटसुलट पाहण्याचा असेल तर कर्नाटकातील कसुती भरतकामातला गवंती टाका शिका. यात धावदोरा एकदा पुढे जातो आणि त्याच वाटेने परत येताना मधल्या रिकाम्या जागा भरतो, त्यामुळे दोन्हीकडे सारखी रेघ उमटते. कसुतीत गाठ मारत नाहीत. दोऱ्याचे टोक टाक्यांतच अडकवतात. गाठ न मारण्याची ती सवय कोणत्याही कामात उपयोगी पडते.

काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या मला ठरवता येणार नाहीत. डोळ्यांना ताण होत असेल तर इंचाच्या आठव्या भागाइतक्या अंतरावरच्या ओळींचा आग्रह धरू नका, जाड दोरा आणि मोठा टाका यांतही तितकीच ताकद आहे. घरात लहान मूल असेल तर बैठक अर्ध्या तासाची धरा आणि सुया मोजून ठेवा. विकण्याचा विचार असेल तर पहिले वर्ष तो मनात आणू नये असे मला वाटते, पण घर त्यावर अवलंबून असेल तर माझ्या वाटण्याला अर्थ नाही. मी स्वतः नऊ वर्षे फॉल-पिको करून मगच हा चैनीचा वेळ मिळवला. गिऱ्हाईक तुकड्याला लागलेले तास मोजत नाही, तुकड्याचा आकार मोजते, हे मात्र आधीच माहीत असलेले बरे.

पुरा झालेला तुकडा बसवताना गोंद अजिबात लावू नका. तो पुढे कडक होतो, पिवळा पडतो आणि पुन्हा काढता येत नाही. लाकडी चौकटीवर धुतलेला मांजरपाट ताणून घ्या आणि तुकडा त्यावर चारी कडांनी बारीक टाक्यांनी शिवून टाका. काच लावायची असेल तर काच आणि कापड यांच्या मध्ये फट राहील असा माउंट करून घ्या, नाहीतर पावसाळ्यात ओल धरते आणि फुगवटाही दबतो. ज्या भिंतीवर थेट ऊन येते ती भिंत टाळा. न लावलेले तुकडे जुन्या पांढऱ्या धोतरात गुंडाळून ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ठेवू नका, आणि कसर लागू नये म्हणून कडुनिंबाची वाळलेली पाने वेगळ्या पुरचुंडीत बांधून बाजूला ठेवा. पाने थेट कापडावर ठेवली तर त्यांचा डाग पडतो.

इथवरचे सूत्र एवढेच की पाच इंचांचा तुकडा, धुतलेले कापड, दोन पदर, एका वेळी एक बदल, आणि टाक्याला काम. त्यात तुमच्या चार प्रश्नांची उत्तरे आली. आता लुगड्याकडे वळते.

इरकलीचे अंग सहसा सुती असते, आणि काठ व पदर रेशमी किंवा पुढच्या काळात नकली रेशमाचे असतात. पदराचा ताणा, म्हणजे उभे धागे, वेगळा असतो आणि तो अंगाच्या ताण्याला फासे घालून जोडलेला असतो. म्हणजे एकाच लुगड्यात तुमच्याकडे दोन स्वभावांची कापडे आहेत. ती पाण्यात वेगवेगळी आटतात, आणि लाल पदराचा रंग जाण्याची शक्यता सर्वांत जास्त. म्हणून कापण्याआधी पदराच्या कोपऱ्यावर ओल्या कापडाची ती परीक्षा नक्की करा. नंतर लुगडे पूर्ण उलगडून दारातल्या उजेडासमोर धरा. बसण्याच्या आणि गुडघ्यांच्या जागी ते विरलेले असेल, उजेड आरपार येईल. तिथे दोन अंगठ्यांमध्ये कापड हलके ताणून पाहा. धागे सरकले किंवा बारीक चरचर ऐकू आली तर त्या भागावर एकट्याने टाका तग धरणार नाही. नेमका तोच भाग मी आधी घेईन. घडीत ठेवले तरी तो दिवसेंदिवस फाटतच जाणार आहे, आणि मागे मांजरपाटाचा थर ठेवून पाव इंचावर धावदोरा घातला की तो पुन्हा उभा राहतो. त्या तुकड्यात टाक्याला काम आपोआपच मिळेल. काठ आणि पदर सध्या तसेच राहू द्या, कारण ते मजबूत आहेत आणि त्यांची घाई नाही.

लुगडे उलगडताना मध्ये कुठे आडवी शिवण लागली, तर तो आजीने घातलेला दंड असेल. लुगडे मध्ये विरले की तेवढा भाग काढून टाकून दोन टोके जोडण्याची ती जुनी रीत आहे. त्या शिवणीच्या दोन्ही बाजूंना चार-चार बोटे सोडून कापा. दंडाचे टाके किती अंतरावर आहेत ते पट्टीने मोजून ठेवा, आणि लुगड्यातून होणाऱ्या तुमच्या पहिल्या तुकड्याच्या ओळींना पाव इंचाऐवजी तेच अंतर द्या.